अन्नाची राखण : पावती मागा, पावती द्या



बोईसरच्या बाजारात उजाडता उजाडता आपल्यापैकी कितीतरी जण भाजीच्या पाट्या घेऊन बसतात. भेंडी, वांगी, मिरची, चवळीच्या शेंगा विकून होतात. मग पाटी रिकामी करून लोक उठतात आणि घरी निघण्यापूर्वी त्याच बाजारातून अर्धा लिटर तेल, पावशेर तिखट, थोडी हळद आणि पोरांसाठी फरसाण घेतात. म्हणजे सकाळी आपण विकणारे असतो आणि दहा वाजता घेणारे. विकताना आपण पावती दिलेली नसते आणि घेताना मागितलेलीही नसते.

पालघर तालुक्यातील एका मेळाव्यात एका आजींनी मला विचारले, "साहेब, आमच्या भेंडीवर औषध जास्त झालं का, ते सरकार बघतं म्हणतात. मग आम्ही विकत आणतो त्या तिखटात काय असतं, ते कोण बघतं?" प्रश्न नेमका होता. या दोन्ही गोष्टी पाहणारी यंत्रणा एकच आहे. ती कशी चालते, तिच्यात आपले काम कोणते आणि आपला हक्क कोणता, हे या पत्रकात सांगणार आहे.

कायदा कोणता, आणि पाहतो कोण?

आपल्या देशात अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला व १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याशिवाय फळांचे पदार्थ, मांस, दूध यांसाठी निरनिराळे आदेश होते. हे सर्व एकत्र करून २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा करण्यात आला. तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे. कोणत्या अन्नात काय असावे, काय नसावे, हे नियम दिल्लीचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरविते. प्रत्यक्ष तपासणी आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन करते. जिल्ह्याचे काम सहायक आयुक्त (अन्न) पाहतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी असतात. जुनी माणसे त्यांना अजून ‘फूड इन्स्पेक्टर’ म्हणतात.

शेतकऱ्याला हा कायदा लागू आहे का?

नाही. या कायद्याच्या १८व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, उभे पीक, जनावरे आणि शेतावर निघालेला माल यांना हा कायदा लागू नाही. आपण पिकविलेली भाजी आपल्या हातात, जशी काढली तशी आहे, तोवर कायदा बांधाबाहेर उभा आहे.

पण इथेच पुष्कळांची फसगत होते. तोच माल व्यापाऱ्याच्या गोणीत पडला की कायद्याच्या दृष्टीने ते ‘अन्न’ झाले. आणि आपण स्वतः चिकूच्या चकत्या, लोणचे, पापड, मसाला करून विकू लागलो तर आपण नुसते शेतकरी राहिलो नाही, अन्नव्यवसाय करणारे झालो. मग लहान धंद्याला नोंदणी आणि मोठ्या धंद्याला परवाना घ्यावा लागतो. पाकिटावर जो १४ आकडी क्रमांक असतो, तो याच नोंदणीचा. बचत गटाच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

नमुना कसा घेतात?

तारापूरकडच्या लोकांना नमुना ही गोष्ट नवी नाही. तेथील अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या परिसरातील पाणी, मासे, भाजी, दूध यांचे नमुने तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासते. दुकानातील अन्नाची तपासणीही नमुन्यावरच चालते, फक्त तिची रीत कायद्याने घालून दिलेली आहे.

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात किंवा गोदामात जाऊन नमुना घेतात. फुकट घेत नाहीत. बाजारभावाने त्याची किंमत द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतात. एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग जिल्ह्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केल्यास दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविता येतो. अहवाल मान्य नसेल तर दुकानदाराला अपील करता येते. उगाच कोणाला छळण्यासाठी माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंडाची तरतूद आहे. म्हणजे काटा दोन्ही बाजूंनी सारखा धरलेला आहे.

तपासणी उलट्या पावली कशी येते?

आता मुख्य गोष्ट. या कायद्याप्रमाणे माल दुसऱ्या विक्रेत्याला देताना तो नियमाप्रमाणे असल्याची लेखी हमी द्यावी लागते, आणि बिल किंवा कॅश मेमो हीच ती हमी मानली जाते. कागदाचा तो चिटोरा म्हणजे हमीपत्र आहे, एवढे मनात पक्के धरा.

समजा, मुंबईच्या एखाद्या दुकानात मिरचीचा नमुना घेतला आणि तिच्यात कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे बिल दाखवितो. व्यापारी आपली वही उघडतो. वहीत गावाचे नाव असते, कधी आपलेही असते. कायदा बांधावर थांबला, पण माग बांधापर्यंत आला. तुमच्यावर खटला होणार नाही. मात्र पुढच्या आठवड्यात व्यापारी तुमच्या गावची मिरची उचलणार नाही. तुम्ही औषध बेताने मारले होते, चूक दुसऱ्याची होती, हे दाखवायला तुमच्यापाशी काय असते? काहीच नसते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्या पदरात दुसऱ्याचे पाप पडते.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी हे सोसून शिकून घेतले. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. माल अडकला आणि बागायतदारांचे फार मोठे नुकसान झाले. निर्यातीच्या द्राक्षबागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, बागेला क्रमांक मिळतो आणि माल जाण्यापूर्वी नमुना तपासतात. नोंद ठेवणारा बागायतदार आपली बाजू कागदावर मांडू शकतो.

दुधाचेही तसेच आहे. २०१८ साली प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. जीवाला अपायकारक अशी भेसळ त्यांपैकी फक्त १२ नमुन्यांत निघाली. पण ३६८ नमुन्यांत अफलाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. हे विष कोणी दुधात टाकीत नाही. बुरशी लागलेली पेंड व ओलसर खाद्य जनावराला घातले की ते दुधात उतरते. उकळूनही ते जात नाही. म्हणजे भेसळ करण्याचे कोणाच्या मनात नसतानाही दूध बिघडू शकते, आणि त्याचा उपाय गोठ्यातच आहे: पेंड कोरडी ठेवा, बुरशीची असेल तर फेकून द्या.

मर्यादा म्हणजे किती?

पिकावर मारलेल्या औषधाचा काही अंश मालात राहतो. तो किती चालेल, हे पीक व औषध पाहून ठरविलेले असते. त्याला कमाल अवशेष मर्यादा म्हणतात. ज्या औषधासाठी त्या पिकावर मर्यादा ठरविलेलीच नाही, तिथे साधारण नियम आहे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा: १०० टन भेंडीत अवघा १ ग्रॅम! दहा टनी दहा ट्रक भेंडी आणि त्यात चिमूटभर औषध. म्हणून "कापसाचं औषध उरलं होतं, तेच भाजीवर मारलं" हे चालणार नाही. ज्या पिकासाठी शिफारस आहे, त्यालाच ते औषध वापरावे.

औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकात फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, ते लिहिलेले असते. यालाच प्रतीक्षा काळ म्हणतात. हे पत्रक डब्याबरोबर देण्याचा नियम १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचा आहे, आणि त्या कायद्यामागे मोठी दुःखद कथा आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे जहाल औषध सांडून दूषित झालेले पीठ खाण्यात आले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पीठ आणि विष एकाच जहाजातून आले होते. घरात धान्याच्या कणगीशेजारी औषधाची बाटली ठेवणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

आणखी एक गैरसमज पुष्कळ ठिकाणी आढळतो. डब्यावरचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. तो फवारणाऱ्याला आणि हाताळणाऱ्याला धोका किती, हे सांगतो. हिरवा रंग आहे म्हणून आज फवारून उद्या तोडा करावा, असा त्याचा अर्थ नाही. प्रतीक्षा काळ वेगळा वाचावा लागतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती. पुढे २०२३ च्या आदेशाने त्याचे ३६ टक्के द्रावण सर्वच पिकांसाठी बंद करण्यात आले. जुनी बाटली माळ्यावर पडून असेल तर ती भाजीवर वापरू नका.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा नावाजलेल्या फळाला कार्बाइडची पुडी लावणे म्हणजे आपल्याच नावाला काळे फासणे होय. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. इथेफॉनच्या पाण्यात फळ बुडविणेही मान्य नाही. बंद खोलीत इथिलिन वायूने, दहा लाख भाग हवेत १०० भागांपर्यंत, फळ पिकविण्यास परवानगी आहे. भेंडी-मिरची हिरवीगार दिसावी म्हणून रंगाच्या पाण्यात बुडविणे हाही गुन्हाच आहे.

आता आपण ग्राहक

वरच्या सगळ्या कटकटी आपण सोसायच्या, तर मग आपल्या ताटात येणाऱ्या तेला-तिखटाबद्दल आपल्याला काही हक्क आहे की नाही? आहे, आणि तो चांगला भक्कम आहे.

या कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे कोणताही साधा ग्राहक विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी ठरलेली फी भरावी लागते. अट एवढीच, की माल घेतानाच दुकानदाराला "हा माल मी तपासायला देणार आहे" असे सांगायचे. माल नियमाविरुद्ध निघाला तर भरलेली फी परत मिळते.

त्याआधी घरच्या घरी संशय फेडून घेण्याच्या काही सोप्या रीती आहेत:

हळद : पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका. चांगली हळद खाली बसते व पाणी फिकट पिवळे होते. पाणी गडद पिवळे झाले तर रंगाचा संशय घ्यावा.

तिखट : पाण्यावर थोडे भुरभुरा. रंगाच्या रेघा खाली उतरत गेल्या तर वरून रंग मिसळलेला असू शकतो.

दूध : गुळगुळीत उतरत्या पृष्ठभागावर एक थेंब सोडा. चांगल्या दुधाचा थेंब सावकाश उतरतो व मागे पांढरी रेघ ठेवतो. पाणी घातलेले दूध रेघ न ठेवता पटकन ओघळते.

दुधातील पीठ : दूध उकळून गार करा व त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पीठ मिसळलेले आहे.

या रीती संशयापुरत्या आहेत. त्यावरून कोणालाही भर बाजारात चोर म्हणू नये. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेचा. पण संशय आला तर गप्पही बसू नये. उरलेला माल पाकिटासकट नीट बांधून ठेवा. पाकिटावरील बॅच क्रमांक व तारीख फाडू नका. पावती जपून ठेवा. कोणी आजारी पडले असेल तर डॉक्टरांचा कागद घ्या. मग अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा. त्याला पैसे पडत नाहीत. ग्राहकांसाठी देशभर १९१५ हा क्रमांकही आहे.

दूषित अन्नामुळे मृत्यू झाला तर दोषी विक्रेत्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि मृताच्या वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. गुन्हा उघडकीस आणण्यास मदत करणाऱ्याला राज्य सरकार बक्षीसही देऊ शकते. पण माल कोणाकडून घेतला हे सिद्ध करायला पुन्हा तोच चिटोरा लागतो.

तेलाचे तेच औषधाचे. बियाणे किंवा कीटकनाशक घेणारा शेतकरीही ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या एका खटल्यात मान्य केले. पक्के बिल असेल तर खराब बियाण्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही.

आपल्या नावाचा माल

आता पावती देण्याविषयी. वाडा कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला भाव चांगला येतो, म्हणूनच दुसरा तांदूळ पोत्यात भरून वर ‘वाडा कोलम’ लिहिण्याचा मोह होतो. असे खोटे नाव लावणे हा अन्न कायद्याने गुन्हा आहे. त्यात खाणाऱ्याच्या जीवाला अपाय नसेल, पण घेणाऱ्याचे पैसे जातात आणि पिकविणाऱ्याचा भाव पडतो. वाड्याच्या शेतकऱ्याने आपला तांदूळ नाव, गाव, वाण व वजन लिहिलेल्या पावतीसह विकला, तर खऱ्या मालाचा माग लागतो आणि खोटा उघडा पडतो. इथे पावती ओझे नाही, राखणदार आहे.

सरकारच्या बैठकीत आपण

पुष्कळांना वाटते, नियम दिल्लीत होतात, आपले कोण ऐकतो? पण कायद्यानेच प्राधिकरणावर ग्राहक संघटनांचे दोन आणि शेतकरी संघटनांचे दोन प्रतिनिधी ठेवलेले आहेत. नवे नियम करण्यापूर्वी मसुदा जाहीर करून लोकांच्या हरकती व सूचना मागवितात. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषदेची तरतूद आहे. चिकू उत्पादकांनी, भाजीपाला गटांनी, बचत गटांनी आपले म्हणणे लेखी पाठवावे. एकट्याचे पत्र बाजूला पडेल. गटाचा ठराव सहसा पडत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र माल घेण्याची रीत रुजविली. गावातील वीस भगिनींनी मिळून तेलाचे डबे घेतले, तर पक्के बिल मागण्याचे बळ आपोआप येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. अन्न सुरक्षा अधिकारी प्रत्येक पाटीपाशी उभे राहू शकत नाहीत. शिवाय ते अन्न तपासतात, खाडी नव्हे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी लागते. किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या परिषदेने याच सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. आपल्या विहिरीच्या किंवा नाल्याच्या पाण्याला वास येत असेल, रंग बदलला असेल, तर ते भाजीला देण्यापूर्वी तपासून घ्या. तारीख घालून लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीही एक पावतीच.

लक्षात ठेवा

१. औषध पक्क्या बिलाने घ्या व शिफारस असलेल्या पिकावरच वापरा.

२. एक वही ठेवा. पीक, औषध, प्रमाण, फवारणीची तारीख आणि तोड्याची तारीख, एवढे पाच रकाने पुरेत.

३. प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय तोडा करू नका. भाव चढला असला तरी नाही.

४. फळांना कार्बाइड नको, भाजीला रंग नको, जनावरांना बुरशीची पेंड नको.

५. व्यापाऱ्याला माल देताना तारीख व वजनाची चिठ्ठी करा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

६. तेल, तिखट, हळद शक्यतो बंद पाकिटातून घ्या. १४ आकडी क्रमांक व तारीख पाहा. पावती मागा.

७. घरगुती पदार्थ विकत असाल तर नोंदणी करून घ्या.

त्या आजींना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्या पोरांना जे खाऊ घालीन, तेच पाटीत ठेवायचं, आणि पाटीवाल्याकडूनही तेच मागायचं." अख्ख्या कायद्याचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. बोईसरला भेंडी घेणाऱ्या कामगाराच्या घरीही लहान पोर असते, आणि तिखट घेणाऱ्या आपल्याही घरी. दोन्ही ताटांची राखण करणारा तो चिटोरा उद्याच्या बाजारापासून मागायला आणि द्यायला लागा.

आणखी काही शंका असतील तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटा, कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा किंवा आमच्या कार्यक्रमाला पत्र लिहा.